पांढऱ्यावर पांढरा हात

सकाळी ती नवऱ्याच्या डब्याचं झाकण दाबत होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या गच्चीला पांढऱ्या रंगाचा दुसरा हात देऊन नवऱ्याने कालच काम संपवलं होतं. बाई आत आल्या नाहीत. टाकीच्या कडेला दारभर रुंदीचा पट्टा राहिलाय, एवढंच सांगून निघाल्या. सूर मात्र वह्या तपासतानाचा.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांत त्याच्या हातून बोटभर जागा सुटली नव्हती. लोकांची घरं तापू नयेत म्हणून हा माणूस गच्च्या पांढऱ्याशुभ्र करायचा आणि खालून उसळलेलं ऊन स्वतःच्या डोळ्यांत घ्यायचा. डोक्याला टोपी, नाकाला फडकं, हातांना मोजे. रंगाचा डबासुद्धा सावलीत ठेवायचा. डोळे तेवढे उघड्यावर.

काळा चष्मा लावा, असं तिने सांगून पाहिलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं : पांढऱ्यावर पांढरा हात मारताना ओलं कुठे नि सुकं कुठे, ते काळ्या काचेतून कळत नाही. जावयाने दिलेला गॉगल तो लग्नकार्यात लावी, तोही हॉलच्या आत.

त्याच दिवशी तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत बुबुळावर चढलं होतं. उन्हातल्या अतिनील किरणांची कमाई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालं ते थेंबांनी पुसलं जाणार नाही. पुढचं अडवता येईल. त्याने रुबाबात गॉगल टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो किरण मोजणाऱ्या यंत्राखाली धरला. किरण सरळ आरपार. वर काळ्या काचेमागच्या अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्तच किरण आत शिरतात, हेही कळलं.

"म्हणजे हा न लावून मी डोळे वाचवलेच की," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. किरण अडवणं काचेच्या रंगावर नसतं, त्यांनी समजावलं. योग्य काच बिनरंगी असली तरी ते अडवते. फक्त चष्मा कडेनेही झाकणारा हवा आणि टोपीची कड रुंद. बावीस वर्षं पुरलेलं कारण दोन वाक्यांत संपलं.

दुकानात त्याने तो स्वच्छ चष्मा उलटसुलट करून पाहिला. एवढा महाग, आणि लावलाय हे दिसतसुद्धा नाही, अशी त्याची कुरकुर.

"तुमचं पांढऱ्यावरचं पांढरं तरी कुणाला दिसतं?" ती म्हणाली.

चष्मा घेऊन दोघं घरी आले. दारात चपला काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या बाईंच्या गच्चीवर माझ्याबरोबर ये. कुठे राहिलं असेल तर नुसतं बोटाने दाखव. बोलू नकोस."