भुवयांपर्यंतचा फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती म्हणते, तुमच्या पोटात काही राहत नाही — आणि मी हसून मान डोलावतो. राहतं. एक गोष्ट इतकी वर्षं राहिली आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून आज धीर होतोय, की वय झालं म्हणून, कोण जाणे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत माझा फोटो स्टुडिओ होता — वडिलांचाच, पण कॉम्प्युटर आणि स्कॅनर मी आणले. पुण्याला जाऊन थोडंफार शिकलो आणि आल्या आल्या पाटी रंगवली, ‘जुने, फाटके फोटो नवे करून मिळतील’. उथळ पाण्याला खळखळाट फार. लोक दारात उभे राहून पडद्याकडे बघायचे आणि माझी मान ताठ व्हायची.

हौसाबाई शेळगावहून आली ती थंडीच्या दिवसांत. तिची मुलगी सुमन उसात साप चावून गेली होती, नऊ-दहा वर्षांची. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, त्याला मोठा फोटो मांडायचा होता. पोरीचा फोटो एकच, जत्रेत काढलेला, आणि छप्पर गळून तो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला होता.

"काच नगा काढू, भाऊ," ती म्हणाली. "हिचं तेवढंच हाय."

मी आधी काचेसकट स्कॅन केला. इथपर्यंत ठीक होतं. पण काचेवरचे डाग नडत होते. वाटलं, काच निघाली तर काम झकास होईल. ती नको म्हणाली होती ना? हो, म्हणाली होती. मी काढली. कागद हातात आला आणि चेहरा काचेवर राहिला, तोही ओरबाडलेला. घाबरलो, पण लगेच सावरलो. स्कॅन होता की मशीनमध्ये.

त्याच आठवड्यात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. हार्ड डिस्क उडाली. दुसरीकडे कॉपी? ती फाइल एका फ्लॉपीत मावत नव्हती आणि मी कंटाळा केला होता.

हरवलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्रॅम मी मित्राकडून आणला आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. हौसाबाई बाजाराला आली की दुकानाच्या पायरीवर बसायची. "भाऊ, हाय का माझी पोर त्या पेटीत?" विचारायची. आहे, ताई, काढतोय, असं मी म्हणायचो. डिस्कमधून तुकडे निघत होते, नाव-गाव नसलेले. त्यातला एक उघडला आणि पडद्यावर वरून खाली चित्र उमटायला लागलं — लाल रिबन, तेल लावून चापून काढलेला भांग, कपाळ, भुवया. तिथं ते थांबलं. खाली नुसता राखाडी पट्टा. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी भुवयांपर्यंतच.

तेव्हा सांगायला हवं होतं. ताई, माझ्या हातून गेला — एवढंच. तिनं काय केलं असतं? रडली असती, शिव्या दिल्या असत्या. खरं सांगायचं तर मला त्याची भीती नव्हती. भीती पाटीची होती. लोक म्हणतील, याला काही येत नाही.

एका शाळेच्या ओळखपत्रांसाठी काढलेले फोटो माझ्याकडे पडून होते. त्यातली एक मुलगी निवडली. तिचे डोळे, नाक, ओठ, हनुवटी सुमनच्या भुवयांखाली बसवली, रंग मिळवला, सांधा पुसून टाकला. ती कुणाची मुलगी होती, मला आज आठवत नाही. ते करताना मी शीळ घालत होतो, हे आठवतं.

हौसाबाईनं नव्या फ्रेममधला फोटो हातात घेतला. दारातल्या उजेडात धरून बघितला. मग हळूच म्हणाली, "डोळं... असं हुतं का वो तिचं?"

इथं येऊन थांबावंसं वाटतं. फोटो बिघडवला, खोटा बनवला — ते एक वेळ बोलता येतं. यापुढचं बोलायला जीभ रेटत नाही. मी म्हणालो, "ताई, वर्ष झालं. माणूस चेहरा विसरतो. मशीन विसरत नाही."

"मी आय असून इसरले?" ती म्हणाली. मग पदरानं फोटोची काच पुसली आणि स्वतःलाच समजावत म्हणाली, "व्हय. मीच इसरले आसंन."

मी तिला थांबवलं नाही.

तिनं गावभर सांगितलं, भाऊनं पेटीतनं पोर काढून दिली. मग इंदापूरहून, वालचंदनगरच्या कॉलनीतूनही लोक जुने फोटो घेऊन येऊ लागले. माझा धंदा त्या एका फोटोवर उभा राहिला. तिचा नवरा म्हणायचा, ही आपली सुमन न्हाय. त्यावरून ती त्याच्याशी कडाकडा भांडली, हेही तिनंच मला कौतुकानं सांगितलं. तो माणूस एकटाच बरोबर होता आणि माझ्यामुळे स्वतःच्या घरात खोटा पडला. मी काय केलं? तिला चहा पाजला.

काही वर्षांनी ती इंदापूरच्या स्टँडवर भेटली. केस पांढरे झाले होते. माझे दोन्ही हात धरले तिनं.

"भाऊ, आदी ती सपनात यायची, तवा फोटूतल्यावानी नसायची," ती म्हणाली. "येगळंच त्वांड. मी म्हनायची, जा बया, तू माझी न्हाईस. लई डाव घालवली तिला. आता न्हाय येत ती. आता बराबर फोटूतली येती. तुमचं उपकार हायती."

बरं झालं, ताई — असं मी म्हणालो. हेच शब्द. तिची एसटी लागली, ती चढली, खिडकीतून हात हलवला, मीही हलवला.

सुमनचा खरा चेहरा तिच्या आईकडे फक्त स्वप्नात उरला होता. तिथूनही मी तो पुसला.