देव्हाऱ्यावरचा खरबरीत लेप

मध्य प्रदेशातल्या धारमध्ये मला सांभाळून घेतलं ते एका रंगारी काकांनी. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आठवीत शाळा सोडून मी कोकणातून इथे सुतारकामाला आलो. एका घरी लाकडी देव्हाऱ्याला भिंतीसारखा खरबरीत लेप हवा होता. माझं पहिलंच एकट्याचं काम. फसलं तर ठेकेदार गावी धाडणार होता. गावच्या सवयीने मी लाकडाला आधी तेल पाजलं, मग पुट्टी लावली. सकाळी ती पापडासारखी सुटून खाली पडलेली.

शेजारच्या खोलीत भिंत रंगवणारे काका आले. त्यांनी लाकूड नखाने खरवडलं आणि नख हुंगलं.

"भिया, तळायला काढलं होतं का ह्याला?"

"पावसात फुगू नये म्हणून लावलं."

"देव काय छतावर बसणार आहेत?"

मग आपलं काम सोडून त्यांनी माझ्याबरोबर तेल घासून काढलं, प्रायमर मारला. तो सुकल्यावर पुट्टी चढवली आणि ओलसर पुट्टीवर पोत्याचा बोळा थोपटला. दर चार थापांनी मागे सरकून एक डोळा मिटून बघायचे. मालकीणबाई आल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे, जणू मला ओळखतच नाहीत. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे हो तुझा." मी काकांच्या पाठीकडे बघितलं.

जवळच्या तिरला गावात काकांच्या नव्या घराला अजून दार नाही, पडदाच आहे, असं ते बोलून गेले होते. ते दार मी करून देणार आहे.