गुरुवारचा निरोगी माणूस

गुणाजी परब अकरा वर्षं दर गुरुवारी परळच्या एका संशोधन केंद्रात जाऊन डावा हात पुढे करायचे. त्यांना कसलाही आजार नव्हता. म्हणूनच त्यांना बोलवायचे.

हे जरा उलगडून सांगते. मलाही ते कळायला दोन वर्षं लागली. एक शिकाऊ डॉक्टर मला म्हणाला होता, "तुमच्या लेव्हलला सांगायचं तर..." त्याला त्याची लेव्हल मी तिथल्या तिथे दाखवली. मी नववी नापास आहे, पण तिथे येणाऱ्या आजारी पोरांच्या फायली मी त्याच्यापेक्षा जास्त वाचल्यात.

तर माझ्या लेव्हलला सांगायचं तर, आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. काही मुलं त्यांच्याशिवायच जन्माला येतात. काहींच्या पेशी असतात, पण त्या घरच्यांवरच उठतात, म्हणजे त्या मुलाच्याच अंगावर. हे ओळखायचं तर मुलाचं रक्त यंत्रात घालतात, आणि त्याच्याबरोबर त्याच सकाळी काढलेलं एका धडधाकट माणसाचं रक्तही घालतात. दोन्हीला एकच रंग लावतात. निरोगी रक्ताच्या ठिपक्यांचं पडद्यावर मोहोळ उठतं. ते उठलं आणि मुलाचं नाही उठलं, तर खोट मुलाच्या रक्तात. दोन्हींचं उठलं नाही, तर खोट रंगात. त्या धडधाकट नळीला तिथे कंट्रोल म्हणतात. गुणाजींना सगळे कंट्रोलकाका म्हणायचे.

राहायला घोडपदेवला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. फोर्टातल्या एका ऑफिसात तीस वर्षं लिफ्ट चालवली. बायको मीराबाई लवकर गेली. मुलगा हितेंद्र आणि सून आकांक्षा बदलापूरला. ते येत नाहीत, हे जात नाहीत. का, ते कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी काहीही विचारणारी बाई आहे.

मी त्या केंद्राच्या जिन्याखाली टेबल टाकून बसते. आईबापांचे अर्ज भरते, औषधासाठी भांडते. टेबल माझं स्वतःचं आहे. तीन वेळा केंद्रवाल्यांनी ते गोदामात टाकलं, तीन वेळा मी ते ओढत परत आणलं. चौथ्या वेळी कंट्रोलकाकांनी दुसरं टोक धरलं. तिथून आमची ओळख.

"मनवा, तुझो आवाज पार लिफ्टीत ऐकू येता," म्हणाले.

"येऊ दे. बहिऱ्यांच्या ऑफिसात काम आहे माझं."

हसले. दात छान होते. त्या वयात स्वतःचे दात असल्याचा त्यांना गर्व होता आणि रक्ताचा त्याहून जास्त. बुधवारी ते बाहेरचं काही खायचे नाहीत. कोणी खोकलं की उठून लांब बसायचे. गुरुवारी सकाळी घोडपदेवहून परळला चालत येताना लालबागची मसाल्याची गल्ली टाळायचे, मोठा वळसा घालायचे. तिथे मिरची कांडणं चालू असतं, एक शिंक आली तर केंद्रातले सर्दी समजतील! कडक इस्त्रीचा शर्ट, डावी बाही घरूनच दुमडलेली. रक्त देऊन झालं की बाकड्यावर दुपारपर्यंत बसून राहायचे. यंत्रावरचे राजस कर्णिक बाहेर येऊन नुसती मान हलवायचे, म्हणजे मोहोळ उठलं. मग घरी. आठवड्यातून तेवढं एकदाच त्यांना कोणी हो म्हणायचं.

रक्त काढण्याआधी एक फॉर्म असतो. ताप, सर्दी, लस, चालू औषधं. पहिली वर्ष-दोन वर्षं राजस एकेक प्रश्न विचारायचे. मग, "काका, सगळं नाहीच ना?" "नाहीच." पुढे तेही बंद झालं. फॉर्म आधीच भरलेला, काका यायचे आणि खाली सही करायचे. विश्वासाच्या माणसाला काय विचारायचं! मीही तेच म्हटलं असतं.

गेल्या मार्चमधला गुरुवार. वडाळ्याहून आरोही नावाची सात महिन्यांची मुलगी आली होती. तिसरा न्यूमोनिया चालू होता. हाडं आणि डोळे, एवढंच उरलं होतं तिच्यात. शीर सापडेना. पाचव्या टोचणीला पायातून रक्त मिळालं. तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती आणि आरोही रडतही नव्हती. रडायला ताकद लागते. रिपोर्ट आला की अस्थिमज्जा बदलायची धावपळ सुरू करायची, असं ठरलं होतं. तिच्याकडे फार दिवस नव्हते. हे सगळ्यांना माहीत होतं, बाकड्यावर बसलेल्या काकांनाही.

बाराच्या सुमारास राजस बाहेर आले. मान हलवली नाही.

"ताई, आजचं सगळं फुकट गेलंय. बाळाचं मोहोळ नाही, पण काकांचंही निम्मंच आलंय. रंग खराब झाला असणार. नवा मागवावा लागेल."

"किती दिवस?"

"आठ-दहा."

"दहा दिवस? आणि तिला परत टोचणार? कुठे, डोळ्यात?"

"ताई, माझ्यावर ओरडून रंग ताजा होत नाही."

मी त्यांच्या सात पिढ्या काढायच्या बेतात होते. तेवढ्यात काका उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. अकरा वर्षांत ते यंत्राच्या खोलीच्या काचेच्या दाराच्या आत कधी गेले नव्हते. आज गेले. शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढून राजसच्या टेबलावर ठेवली.

"रंग खराब नाय. मी खराब."

पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. गल्लीतल्या डॉक्टरने गुडघ्यासाठी दिलेल्या. घेतली की दोन तासांत जिना चढता येतो. मी त्या गोळ्या बघितल्याबरोबर ओळखल्या. ज्या मुलांच्या पेशी अंगावर उठतात त्यांना त्याच देतात, पेशींना गप्प करायला. स्टिरॉइड.

"कधीपासून?" राजसनी विचारलं.

"माघी गणपतीपासून. गुरुवारी घेयचंय नाय. आज घेतलंय."

मग माझा तोल गेला. गेला म्हणजे काय, मी तो धरलाच नाही. "सांगता येत नव्हतं? नाव नाही माहीत गोळीचं, पण घेतोय एवढं तरी? ती पोर पाच वेळा टोचून घेते आणि तुम्ही इथे कडक इस्त्री करून मिरवायला येता? मान हलवून घ्यायला?" अख्खा कॉरिडॉर ऐकत होता. काका खाली बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतंत."

केंद्राच्या मुख्य डॉ. मृणालिनी आपल्या खोलीतून बाहेर आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे मला त्यांची भीती वाटते. त्यांनी पुडी बघितली, काकांकडे बघितलं. "बरं झालं आज सांगितलंत. बाळाचं रक्त थोडं शिल्लक आहे, संध्याकाळपर्यंत चालतं. दुसरं कोणीतरी निरोगी माणूस हवं, लगेच."

राजसच्या नाकाला मास्क होता, आठवडाभर सर्दी. मी बाही वर केली.

राजसनी कोरा फॉर्म घेतला आणि एकेक प्रश्न विचारला. मोठ्याने, प्रत्येक उत्तरानंतर थांबून. काका बाकड्यावर बसून ऐकत होते.

साडेतीनला निकाल आला. राजसनी मला आत बोलावून पडदा दाखवला. अहाहा! ठिपके कसले, गणपतीच्या मिरवणुकीतली गर्दी. शेजारी आरोहीचा पडदा. कोपऱ्यात चुकार चार ठिपके. रंग चांगला होता. खोट कुठे आहे ते कळलं, आणि तिला पुन्हा टोचावं लागणार नव्हतं. मी त्याच धुंदीत बाहेर आले.

"काका, माझं एकदम झकास आलं! पडदा भरला नुसता!"

काकांनी माझं मनगट धरलं. कापूस लावलेल्या हाताचं, आणि दुखेल असं. "गप गो!"

शेहेचाळीस वर्षांत मला कोणी असं गप केलेलं नाही. मी हात सोडवणार, तेव्हा दिसलं. दोन हातांवर आरोहीची आई बसली होती. पोर खांद्यावर. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. दुकानाच्या काचेतून आतली वस्तू बघावी, तशी.

काका मला जिन्यात घेऊन गेले. दोघे पायरीवर बसलो. मग बोलले, मधेच थांबत.

हितेंद्रला मुलगा झाला होता, अनिश. आठव्या महिन्यात त्याला इथेच आणलं होतं. त्या दिवशी कंट्रोलला रक्त देणारी केंद्रातली मुलगी तापाने रजेवर होती. कॉरिडॉरमध्ये येऊन विचारलं, कोणी ठणठणीत आहे का? गुणाजींनी हात वर केला. दुपारी त्या वेळच्या माणसाने पडदा दाखवला, मोहोळ दाखवलं, म्हणाला, काका, तरण्या पोराचं रक्त आहे तुमचं. अनिशचा पडदा काय सांगतो ते गुणाजींना तेव्हा नीट कळलंच नव्हतं.

"बाहेर इलंय आणि बोललंय. 'आपलां रगत फर्स्ट क्लास! गिरणगावचां रगत!' असां. मोठ्यान. सून समोर, अनिशाक खांद्यार घेऊन."

चार महिन्यांनी अनिश गेला. तेराव्याला निघताना आकांक्षा सासऱ्यांना एकच वाक्य बोलली होती. "बाबा, तुमचं फर्स्ट क्लास रक्त जपा हं." त्याच महिन्यात दोघं बदलापूरला गेली.

"म्हणून अकरा वर्षं येत होतात?"

"पहिल्या गुरुवारी माफी मागूक इल्लंय. कोणाकडे मागायची ता समजेना. तितक्यात राजसनं हात मागितला."

मी म्हटलं, "तिला फोन करा."

"काय सांगू?"

"हेच. अकरा वर्षांचं."

"तिका वाटात, अजून रगताचीच बढाई मारतंहा." हसले, पण दात दिसले नाहीत. "आणि आता तर ता पण नापास."

"नंबर द्या, मी बोलते."

"तू भांडशील."

आता खोटं कशाला बोलू? भांडलेच असते.

पुढच्या आठवड्यात डॉ. मृणालिनींनी त्यांना खुर्चीवर बसवून, चहा देऊन सांगितलं की आता नको. गोळ्या एकदम सोडता येत नाहीत, हळूहळू उतरवायच्या, आणि त्यानंतरही वय बघता रक्त घेता येणार नाही. काकांनी चहा पूर्ण प्यायला. कप विसळून जागेवर ठेवला. केंद्राने आभाराचं पत्र दिलं, त्यात नाव चुकवलं, गुणवंत परब. मी ते बदलून आणायला निघाले, तर म्हणाले, राहू दे, त्या गुणवंताक पण कोणतरी आभार मानूक होये.

आरोहीला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिच्या मोठ्या भावाची अस्थिमज्जा जुळली. भरतीची तारीख मिळाली आहे. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

गुरुवारी आता मी हात देते. राजस फॉर्मवरचं सगळं विचारतात, मला रोज बघत असूनही. निकाल आला की मी मान खाली घालून जिन्याकडे जाते, कोणाशी बोलत नाही. दुपारी घोडपदेवला. तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार उघडं असतं. गोळ्या सुटल्यापासून गुडघे सुजलेत, खाली उतरणं जवळपास संपलं. खालच्या किराणावाल्याला वरून पिशवी सोडतात. तरी अंगात शर्ट इस्त्रीचा, डावी बाही दुमडलेली.

"किती होती?" विचारतात.

"दोन."

"मोहोळ?"

"एकाचं आलं. एकाचं नाही."

"त्याची आई खंय होती?"

"बाकड्यावर."

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही, काका."

"बरां," म्हणतात, आणि कठडा धरून चहा ठेवायला उठतात, दोन टप्प्यांत.