दोन हृदयांची पिल्लं

आमच्या बाई माशांनाही ‘अहो’ म्हणत. प्रयोगशाळेत सकाळी दिवे लागले की नर-मादीमधली फळी उचलून त्या म्हणायच्या, “अहो, घ्या आवरून. लोकांना कामं आहेत.” त्या आवाजाला अख्खं पुणं टरकायचं, तिथे बोटभर झेब्राफिशची काय कथा! अर्ध्या तासात अंड्यांचा खच.

अंडी काचेसारखी पारदर्शक. आतलं हृदय घडताना सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसे. “नीट घडलेला काही सांगत नाही, बिघडलेल्याला विचारा,” हे बाईंचं ब्रीद. दहा वर्षं विचारत होत्या. शेवटी एका जोडीच्या दर चार पिल्लांत एक पिल्लू दोन हृदयांचं निघालं. मधोमध जुळायची राहिलेली दोन हृदयं, दोन बाजूंना आपापली धडधडत होती. त्या दिवशी बाई कोणालाच टोचून बोलल्या नाहीत. मला वाटलं, ताप आलाय.

ती पिल्लं आठवड्यात मरत. आईबाप मात्र दिसायला चारचौघांसारखे. दोष नुसता पोटात लपलेला, पिल्लांतच दिसणारा. आणि एका गुरुवारी नळाला पाणी नाही म्हणून, पाणी वाचवायला, मी शहाण्याने त्या जोडीला मोठ्या टाकीत सोडलं. आत तीनशे मासे, सगळे एकाच छापाचे!

बाईंनी टाकीकडे पाहिलं. “छान, शेलार. आता हजेरी घ्या.”

हजेरी म्हणजे रोज नवी जोडी लावायची आणि तिची पिल्लं तपासायची. ते दोघं म्हातारे व्हायच्या आत सापडले नाहीत, तर दहा वर्षं वाया. महिनाभर मी हजेरी घेतली. मग हिंजवडीची नोकरी आली. त्या वर्षी कंपन्यांच्या बसने आमच्या प्रयोगशाळेतली माणसं एकेक करून गिळली, उरल्या बाई. निरोप घ्यायला गेलो, तर डोळा सूक्ष्मदर्शकालाच. “जा. तिकडे चूक झाली तर मागे घ्यायचं बटण असतं म्हणे.”

दीड वर्षाने ऑफिसात फोन आला. “सापडले.”

“बाई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.”

केला नाही. आज लाज वाटे, उद्या जास्त वाटे. गेलो तेव्हा बाई जाऊन महिना झाला होता. टाक्या कोरड्या. एकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘शेलार’.

“त्या जोडीची टाकी,” शिपाईमामा म्हणाले. “शेवटी दुसरं कोणी नसायचं हो इथे. बाई रोज तिच्यापुढे बसून डबा खायच्या. म्हणायच्या, ‘अहो शेलार, बोला काहीतरी.’”