विद्याताईंचं वाचन

संध्याकाळी मस्कतच्या अल खौद भागातल्या रस्त्यावरून विद्यापीठातल्या मुली घोळक्यानं जाताना दिसल्या की विद्याताईंना खैरुन्निसा आठवते.

विद्याताई पुण्याच्या. नवरा अंबरीश इथे इंजिनियर. मुलगी अस्मिता शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम गप्प झालं. त्याच सुमारास झेरॉक्सच्या दुकानात त्यांना हातात पांढरी काठी घेतलेली एक मुलगी दिसली. तीच खैरुन्निसा. आफ्रिकेतल्या झांझिबारहून राज्यशास्त्र शिकायला आलेली, जन्मापासून अंध. तिचा मोबाइल पुस्तकं वाचून दाखवायचा, पण जुनी, पुसट झालेली पानं त्याला वाचता यायची नाहीत. विद्याताईंनी तिथेच उभ्या उभ्या तिला दोन पानं वाचून दाखवली आणि घरचा पत्ता दिला.

मग ती दर सोमवारी यायला लागली. विद्याताई पोहे करायच्या, ती खजूर आणायची. आफ्रिकेतल्या ग्रामसभा, नगरपालिका, निवडणुकांचे कायदे असं सगळं विद्याताई आपल्या पुणेरी इंग्रजीत वाचायच्या. ती मधेच ‘बरं’ म्हणायची. हा शब्द तिनं त्यांच्याकडूनच उचललेला.

एकदा एका अहवालात वाक्य आलं, की महिला आणि दिव्यांगांची योग्य काळजी घेतली जाईल. खैरुन्निसानं त्यांना थांबवलं.

“काळजी घेणार हे लिहिलंय. आम्हाला विचारणार, असं कुठे लिहिलंय का?”

विद्याताईंनी पान उलटून पाहिलं. तसं काही नव्हतं. मग तिनं सहज विचारलं, की तुमच्या मराठी मंडळात निर्णय कोण घेतं? विद्याताई हसल्या. इतकी वर्षं त्या गणपतीत प्रसादाच्या स्वयंपाकाचं बघत होत्या. कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी ती निघून गेल्यावरही तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. पुढच्या निवडणुकीत त्यांनी चिटणीसपदासाठी नाव दिलं. अंबरीशना आधी नवल वाटलं, मग तेच मतं मागत फिरले. विद्याताई निवडून आल्या.

शिक्षण संपवून खैरुन्निसा परत गेली. विमानतळावर दोघी बराच वेळ हात धरून बसल्या होत्या.

तिकडे तिच्या भागात तरुणांनी निवडून दिलेली एक परिषद होती, स्थानिक प्रश्न मांडणारी. ज्येष्ठांनी तिला दिव्यांगांची राखीव जागा देऊ केली. तिनं ती नाकारली आणि सरळ अध्यक्षपदासाठी उभी राहिली. मुलगी, त्यात अंध, म्हणून पुष्कळांनी तोंड फिरवलं. ती हरली. फोनवर रडली, पण राखीव जागा घ्यायला तेव्हाही तयार झाली नाही. पुढच्या खेपेला वस्त्यावस्त्यांतल्या मुली तिच्यासोबत घरोघरी हिंडल्या आणि ती जिंकली.

अध्यक्ष झाल्यावर तिनं सभा वरच्या मजल्यावरून खाली अंगणात आणली, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरल्यांना येता येईल. रात्रीची वेळ बदलून दुपारची केली, म्हणजे मुलींना घरून अडवणार नाहीत. विषयपत्रिका सगळ्यांना आवाजात रेकॉर्ड करून आधी पाठवायला लावली.

गेल्या महिन्यात तिनं एका सभेचं रेकॉर्डिंग पाठवलं. सगळं स्वाहिलीत. एक मुलगी अडखळत बोलत होती, कुणी मधे बोलायला लागलं की खैरुन्निसा त्याला शांतपणे थांबवत होती. अंबरीशनी विचारलं, तुला यातलं काय कळतंय?

“तिचा आवाज,” विद्याताई म्हणाल्या, आणि सभा संपेपर्यंत ऐकत राहिल्या.