आधी तोदा

रामल्यात आमच्या समोरच्या दारात राहणारी रिवकामावशी आभार आधी मानायची, काम मागाहून. नळ दुरुस्त करणाऱ्याने पिशवी खाली ठेवायच्या आत ती 'तोदा' म्हणून मोकळी. तोदा म्हणजे हिब्रूतलं थँक्यू. "आधी म्हटलं की मानूस लाजतो गो, मंग काम नीट करतो," हा तिचा हिशेब.

देवालाही तिने सोडलं नाही. नवस फळला की आम्हा मराठी ज्यूंमध्ये एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. मावशीच्या यकृतातल्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं, तर हिने आदल्या आठवड्यातच पोहे भिजवले, नारळ खवला आणि मलिद्याचं ताट मांडलं. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. "आता नबीला पन मागं फिरता येनार नाय," मावशी म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं. काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायला तिने हसत सही केली, कारण असे तुकडे मी काम करायचे त्याच प्रयोगशाळेत येत. गाठीतली कोणती जनुकं जोरात चालू आहेत आणि कोणती गप्प, हे आम्हाला काचेवरच्या रंगीत ठिपक्यांत दिसे. त्या नक्षीवरून कुणाचा आजार उलटेल हे आधी ओळखता येईल का, ते आम्ही शोधत होतो. तेव्हा हे सगळंच नवं होतं.

एका संध्याकाळी चहा पुढे ठेवून तिने विचारलं, "बाय, तुझ्या ठिपक्यांत माझं काय दिसतंय?"

"मावशी, नमुन्यावर नाव नसतं गं. आणि एकेका माणसाचं सांगण्याइतकं आम्हालाच अजून कळत नाही."

"ते ऱ्हाऊ दे. नोआची मेंदी बघेन का, येवढंच सांग."

नोआ तिची नात, तेव्हा सैन्यात होती. लग्नाचा अजून पत्ताच नव्हता. मी कपातली साखर ढवळत राहिले. मावशीनेच माझा हात थोपटला. "तोदा, बाय. कळेल तवा सांग."

पुढच्या सुट्टीत नोआ घरी आली, तर वाटीत मेंदी भिजवून तयार.

"सावता, एफो हेखातान?" नोआने आजीला हिब्रूतच विचारलं.

"नवरा येईल मागनं. तू बोट दे."

हिरव्या गणवेशातल्या त्या पोरीच्या बोटाला मेंदी लावत मावशीने मेंदीची सगळी गाणी म्हटली. आम्ही पोट धरधरून हसलो. नोआ मात्र हसता हसता रडायला लागली.

आजार उलटलाच. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा मावशीला धड बोलवत नव्हतं, तरी मला बघून म्हणाली, "तोदा."

"आता कशाबद्दल गं?"

"मातीला येशील ना, म्हनून."

पुढे नोआची खरी मेंदी झाली. गाणी कुणालाच पुरती आठवेनात. मावशी हवी होती, फार हवी होती. आमच्या नमुन्यांत एक तिचाही आहे. कोणता, ते मला कधीच कळणार नाही. म्हणून आता कुठलाही नमुना हाती आला, की कामाला लागण्याआधी मी म्हणते, तोदा.