उंच डोक्याचा पिस्टन

लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी सुटीवर होतो. ढाणकीजवळच्या आमच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. क्लार्कने फोनवर तुकडीचं नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं नाही. "गरम कपडे जास्त आणा," एवढंच म्हणाला. मी समजलो.

मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार. रायफल मीही चालवली, पण बहुतेक नोकरी पान्यांवर गेली. आमचं डिटॅचमेंट म्हणजे पत्र्याची एक शेड, मोजकी माणसं आणि तीन एटीव्ही. एटीव्ही म्हणजे जाड टायरची, हँडलवर चालणारी, चार चाकांची उघडी गाडी. जिथे जीप चढत नाही तिथे ती रेशन आणि केरोसीन चढवायची. उतरताना कधी आजारी जवानाला घेऊन यायची.

दोन नंबरची गाडी नायक प्रमोद आत्रामकडे होती. तो वणीकडचा. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे हे कळल्यावर तो स्लीपिंग बॅग उचलून माझ्या बाजूला आला.

"भाऊ, आता हिंदीची कटकट गेली," म्हणाला.

त्याच्या ट्रंकेत जवसाच्या चटणीचा डबा असायचा. समोर मैलभर नुसते दगड. त्याकडे बघत तो रोज विचारायचा, "इथं काय पेराव गा, भाऊ?" मी म्हणायचो, तूर. तो म्हणायचा, "तुरीले भाव नाही." एकदा वायरलेसवर माझ्याशी वऱ्हाडीत बोलला. आमच्या गढवाली सुभेदार साहेबांनी सेट हातात घेतला आणि विचारलं, "ये कौन सा कोड है?" शेडमधले सगळे हसले. मग साहेबही हसले.

सकाळचं काम ठरलेलं. बुखारीजवळ, म्हणजे केरोसीनच्या शेगडीजवळ, इंजिन ऑइल कोमट करायचं, बॅटऱ्या आतून आणून बसवायच्या, गाड्या सुरू करून कान लावायचा. हातांना ऊब मिळावी म्हणून प्रमोद सायलेन्सरजवळ हात धरून बसायचा. ते दिवस कष्टाचे होते. तरी आज उमरखेडच्या माझ्या गॅरेजात थंडीतल्या सकाळी एखादं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, की मला ती शेडच आठवते.

उन्हाळ्यात बर्फ वितळायला लागलं. खालच्या डेपोतून भरलेली गाडी चढवताना प्रमोदची एटीव्ही बंद पडली. ओढून आणली. मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळल्या होत्या.

सायकलचा पंप सगळ्यांनी हाताळलेला असतो. तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबला की आतली हवा गच्च होते. इंजिनात नळीच्या जागी सिलिंडर आणि दांड्याच्या जागी पिस्टन असतो. पिस्टन खाली असताना वर जेवढी जागा, आणि तो अगदी वर आल्यावर जेवढी उरते, त्यांचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. प्रमाण जास्त तर ताकद जास्त. पण हद्द ओलांडली की पेट्रोल आपल्या वेळेची वाट पाहत नाही, स्वतःहून स्फोटासारखं भडकतं. टकटक आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टन जातो.

या गाडीत सपाट माथ्याऐवजी घुमटासारख्या उंच माथ्याचा पिस्टन टाकलेला होता. उंचीवर हवा विरळ, सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून तिथे असा पिस्टन चालतो. पण हिचं हेडही कधीतरी वाकलं म्हणून घासून सपाट केलेलं होतं. म्हणजे जागा दोन्हीकडून कमी झाली. पिस्टनच्या खोक्यावर छापलेला रेशोचा आकडा नव्या हेडसाठी खरा असतो, घासलेल्यासाठी नाही. वर डोंगरात इंजिनाने सहन केलं. खाली दाट हवेत, पूर्ण लोड आणि पूर्ण गॅसवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, ते फुटलं.

स्टोअरमध्ये एकच पिस्टन शिल्लक होता. तोही उंच डोक्याचा. सपाट पिस्टनची मागणी पाठवली होती, तो अजून आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पोस्टवरून मेसेज आला. एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी भरत होतं. त्याला खाली हॉस्पिटलात नेणं हाच इलाज. ढग बसले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आमची एक गाडी गिअरबॉक्ससाठी उघडी पडली होती, दुसरी दूरच्या पोस्टवर गेली होती. उरली प्रमोदची.

सुभेदार साहेब शेडमध्ये आले. "जाधव, गाडी कब मिलेगी?"

"दोपहर से पहले, साब. लेकिन नाप के दूँगा."

"नाप? ऊपर लड़का मर रहा है."

"बिना नापे दी तो वो रास्ते में मरेगा, साब."

ते एक खोकं ओढून माझ्या समोर बसले.

मी नर्सिंग असिस्टंटकडून मोठी सिरिंज मागवली. पिस्टन अगदी वर आणून हेड कसलं. इंजिन तिरकं करून प्लगच्या भोकातून पातळ तेल सिरिंजने मोजत भरलं. किती तेल मावलं, तीच उरलेली खरी जागा. हिशेब केला. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा रेशो बराच वर होता. मग गॅस्केट शीटमधून दोन जादा गॅस्केट, म्हणजे जोड गळू नये म्हणून घालतात त्या पातळ चकत्या, कापल्या आणि सिलिंडरच्या बुडाखाली घातल्या. सिलिंडर केसभर वर उचलला गेला, जागा वाढली. पुन्हा तेल भरून मोजलं. आकडा उतरला होता, पण हवा होता तेवढा नाही. आणखी गॅस्केट घातलं असतं तर गळती झाली असती.

प्रमोद हेल्मेट घालून उभा होता.

"वर जातानी भेव नाही," मी सांगितलं. "उतारावरही नाही, गॅस बंदच राह्यते. खाली नदीच्या सपाटीवर मात्र कान ठेव. टकटक आली का गॅस सोड."

"मांगं माणूस मरून राह्यला असन तरी?"

"तरी. इंजिन फुटलं तं तो नक्कीच मरते."

त्याने मान हलवली. किक मारली. इंजिन सुरू झालं.

दुपारी सेटवर त्याचा आवाज आला. "पेशंट लोड. उतर रहा हूँ." नंतर बराच वेळ खरखर. मग थेट वऱ्हाडीत, "भाऊ, आवाज येऊन राह्यला. बारीक हाय."

सुभेदार साहेबांनी सेट माझ्या हातात दिला.

"गॅस अर्धा कर."

"केला."

"आता?"

"थांबला."

तेवढ्याच गॅसवर त्याने ती सगळी सपाटी काढली. हॉस्पिटलच्या गेटवरून त्याने कळवलं की पेशंट सोपवला, श्वास चालू आहे. सुभेदार साहेबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. तो जवान वाचला.

प्रमोद रिकामी गाडी घेऊन परत निघाला. एका वळणावर कड्याची माती वितळलेल्या बर्फाने सैल झाली होती. तो खालून जात असताना ती सुटली. अंधार पडायच्या आत आम्ही त्याला मातीखालून बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता. त्याच्या अंगावर फार जखमा नव्हत्या. मी त्याच्या तोंडावरची माती पुसली आणि हेल्मेटचा पट्टा सोडला.

चौकशी बसली. गाडी शेडमध्ये आणली. अधिकाऱ्यांसमोर हेड मीच उघडलं. बोल्ट एकेक मोजून बाजूला ठेवले. पिस्टनचा माथा स्वच्छ होता. ना भोक, ना वितळलेली कड. इंजिन शेवटपर्यंत चालत होतं. गाडी बरोबर होती, चालवणारा बरोबर होता. डोंगर सुटला.

सुटी मिळाल्यावर मी वणीला गेलो. प्रमोदचे वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. पाणी दिलं, कोणत्या गाडीने आलात ते विचारलं. 

"साहेब, तुमी मेकॅनिक ना?" ते म्हणाले. "मले एकच सांगा. गाडीनं दगा देला का?"

जन्मभर डंपर चालवलेला माणूस होता. त्यांना मी सगळं सांगितलं. हेड, पिस्टन, गॅस्केट, सपाटीवरचा अर्धा गॅस.

"टकटक आयकू आल्याबरोबर सोडला त्यानं?"

"लगेच, बाबा."

"कान चांगला होता त्याचा," ते म्हणाले.

ते उठून आत गेले. प्रमोदच्या आईला गोंडीत काही सांगत होते. मला ती भाषा येत नाही. मधून मधून 'इंजिन' एवढा एकच शब्द कळत होता. त्यांनी तो तीन-चारदा म्हटला. 

थोड्या वेळाने आई बाहेर आल्या. त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि मी जेवेपर्यंत बाजूला बसून राहिल्या.